बांगड्या फोडू द्यायच्या नाहीत: घरात ठरवायचं कसं आणि त्या दिवशी करायचं काय

नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, पायातली जोडवी काढून घ्यायची. ठाण्या-नवी मुंबईतल्या शिकल्यासवरल्या घरांतही हे आज होतं. नंतर विचारलं तर हे आपल्याला हवं होतं असं कुणीच म्हणत नाही. मुलगा म्हणतो, मी खाली तिरडीपाशी होतो. सून म्हणते, मोठ्यांपुढे काय बोलणार. मोठे म्हणतात, रीत आहे. कुणालाच नको असलेली गोष्ट होऊन जाते, कारण ती थांबवायचं काम कुणाकडे दिलेलंच नसतं. म्हणून इथे कामाची वाटणी सांगितली आहे: कुणी कुठे बसायचं, कुणी कुणाला फोन करायचा, कोणत्या शब्दांत बोलायचं.

एखादी रीत पाळावी की सोडावी हे ठरवताना तीन प्रश्न घरात मोठ्याने विचारून बघा. ज्या माणसावर ती रीत चालवली जाते त्याला कुणी विचारलं आहे का? हीच वेळ पुरुषावर आली तर त्याच्याकडून काय काढून घेतलं जातं? आणि रीत मोडली तर नेमकं कुणाचं काय बिघडतं? विधवा प्रथा तिन्ही प्रश्नांना अडखळते. बायको गेलेल्या पुरुषाच्या अंगावरची एकही वस्तू कुणी काढत नाही. तिसऱ्या प्रश्नाला तर "लोक काय म्हणतील" यापलीकडे उत्तर येत नाही. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांत मोठा आहे आणि तो आपल्यालाही लागू होतो. तिचं कुंकू पुसायचं हे जसं इतरांनी ठरवायचं नाही, तसंच तिने कुंकू लावलंच पाहिजे हेही सुधारकी नातेवाइकांनी ठरवायचं नाही. खाली जे काही सांगितलं आहे ते तिचा निर्णय तिच्याकडे राहावा एवढ्यासाठी.

हात कुणाचा, हे आधी बघा

प्रत्येक रीत कुणाच्या तरी हाताने होते. पूर्वी विधवेचं केशवपन व्हायचं तेव्हा वस्तरा नाभिकाच्या हातात असायचा. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी हे काम करायला नकार दिला, संप केला. धर्मचर्चा वर्षानुवर्षं चालू होती, तिच्या जोडीला हातच थांबले.

आपल्या घरात तो हात कुणाचा असतो हे आठवून बघा. अंत्यविधी सांगणारे गुरुजी हे करत नाहीत, त्यांचं काम पिंड, अग्नी आणि मंत्र यांचं. बांगड्या फोडण्याचा भाग बायकांकडे असतो आणि बहुतेक ठिकाणी भावकीतल्या एखाद्या वयस्कर विधवेलाच पुढे केलं जातं: आत्या, मोठी जाऊ, चुलत सासू. जिच्या वाट्याला तीस-चाळीस वर्षांपूर्वी हेच आलं, तिच्याच हातून ते पुढच्या बाईवर होतं. तिला दोष देऊन काही साधत नाही. तिच्याशी आधी बोललात तर मात्र अर्धं काम झालं. ते कसं बोलायचं हे पुढे येईल.

काही समाजांत हे तिरडी उचलण्याआधी होतं, काहींत दहाव्याच्या दिवशी घाटावर. आपल्याकडे कधी होतं हे आताच विचारून ठेवा. दहाव्याला होत असेल तर तुमच्या हाताशी नऊ दिवस आहेत. तिरडीआधी होत असेल तर फार तर तीन-चार तास.

ते तीन-चार तास

हॉस्पिटलमधून पार्थिव ताब्यात मिळणं, घरी आणणं, खाली पार्किंगमध्ये तिरडी बांधणं, स्मशानभूमीत वेळ घेणं, या सगळ्यात घरातले पुरुष गुंतलेले असतात. ठाण्यात जवाहर बागेत न्यायचं असो की नवी मुंबईत आपल्या विभागातल्या स्मशानभूमीत, धावपळ तीच. वर घरात बायका आणि ती. नको ते घडतं ते याच वेळात, म्हणून तीन माणसं आधी नेमा.

पहिली, तिच्या सोबतीला बसणारी बाई. ही सख्खी नणंद असली तर सगळ्यांत चांगलं. माहेरची बहीण जवळची असते, पण तिने अडवलं की "माहेरचे लोक आमच्या घरात बोलतात" असा सूर निघतो. नणंदेचा भाऊ गेलेला असतो, तिच्या दुःखावर आणि हक्कावर कुणी बोट ठेवू शकत नाही. तिने "माझ्या वहिनीच्या हाताला कुणी हात लावायचा नाही" म्हटलं की बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. नणंद नसेल तर सून, मुलगी, जवळची मैत्रीण. ती तिच्या अगदी लगत बसेल, बाथरूमपर्यंत सोबत जाईल आणि दुसरी कुणी बसल्याशिवाय उठणार नाही. पाणी आणायलाही नाही. "जरा चहाचं बघ गं" म्हणून तिला उठवलं जातं आणि नेमक्या त्या पाच मिनिटांत व्हायचं ते होऊन जातं.

दुसरा, भावकीत शब्द चालतो असा एक पुरुष. गेलेल्या माणसाचा भाऊ किंवा मामा. मुलाला हे काम देऊ नका. तो अग्नी देणार असतो, त्याला विधीतून बाजूला होता येत नाही, आणि वडील गेल्याच्या तासाला त्याच्याकडून भांडणाची अपेक्षा धरणं चूक आहे.

तिसरं, फोन करणारं माणूस. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भ्यात सातारा-सांगलीकडची कितीतरी घरं आहेत, ठाण्या-कळव्यात कोकणातली. गावाकडून माणसं निघाली की पोहोचायला पाच-सात तास लागतात. त्यांच्यासाठी थांबायचं ठरलं तर ती थेट तिरडीपाशी उतरतात. त्यांना काहीच सांगितलेलं नसतं, मग मोठी आत्या पार्किंगमधूनच विचारते, "तिचं झालं का?" म्हणून दोन फोन करा. पहिला निधनाची बातमी देणारा, त्यात दुसरं काही बोलू नका. दुसरा गाडी पनवेल-कळंबोलीच्या आसपास आली की: "आत्या, तुम्ही पोचताय तोवर थांबलोय. एक सांगून ठेवतो, वहिनीचं कुंकू-बांगड्या आहे तसंच ठेवायचं घरात ठरलंय. तुम्ही आलात की तिच्याजवळ बसा, तिला तुमचाच आधार आहे." यात शेवटचं वाक्य गाळू नका. मोठ्या माणसाकडून एक काम काढून घेतलं की दुसरं द्यावं लागतं, नाहीतर तो अपमान वाटतो.

दिवाळे, घणसोली, वाशीगाव अशा आगरी-कोळी गावठाणांत गोष्ट वेगळी. तिथे भावकी गल्लीतच असते, दहा मिनिटांत अंगण भरतं, फोनला वेळच नसतो. तिथे हे बोलणं कुणी आजारी पडण्याच्या कितीतरी आधी, गल्लीतल्या दोन-तीन जुन्या बायकांशी होऊन गेलेलं असावं लागतं.

अडवताना वाद घालायचा नाही. "ही अंधश्रद्धा आहे", "हा अन्याय आहे" ही वाक्यं खरी असली तरी त्या क्षणी समोरच्याला भांडायला उभं करतात. छोटी, पुन्हा पुन्हा म्हणता येतील अशी वाक्यं लागतात: "काकी, आत्ता नको." "तिच्या हाताला हात लावायचा नाही, आमचं ठरलंय." "नंतर बघू." यातलं "नंतर बघू" सगळ्यांत उपयोगी, कारण त्यात कुणाची हार होत नाही. तुमचा नियम एकच: तेरा दिवस आहे तसं. ती स्वतः म्हणेल त्याशिवाय या तेरा दिवसांत तिच्या अंगावरचं काही निघणार नाही, काही नव्याने चढणार नाही.

कुणी हात धरून जबरदस्ती करू लागलंच तर तिला उठवून आतल्या खोलीत न्या आणि दाराशी दोन बायका बसवा. मारहाण होत असेल तर ११२ किंवा महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे. इतकी वेळ क्वचितच येते. बहुतेक घरांत दोन ठाम वाक्यं पुरतात, फक्त ती म्हणणारं कुणीतरी तिथे हजर असावं लागतं.

बाथरूम आणि आरसा

पार्थिव नेल्यावर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी होतात. त्या आंघोळीत कपाळाचं कुंकू आपोआप जातं आणि ते परत लावायचं की नाही हा प्रश्न न बोलता सुटल्यासारखा वाटतो. त्याच वेळी आणखी एक होतं, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ती आंघोळीला गेलेली असताना कुणीतरी आरशासमोरचं आवरतं. टिकल्यांची पाकिटं, कुंकवाचा करंडा, बांगड्यांचा स्टँड, नेलपॉलिश, रंगीत साडीच्या घडीवर ठेवलेली पिन, सगळं एका पिशवीत जातं. ती केस पुसत बाहेर येते आणि आरशासमोर फक्त कंगवा उरलेला असतो. कुणी तिला एक शब्दही बोललेलं नसतं.

सोबतीला बसणाऱ्या बाईने हा आरसा सांभाळायचा. टिकल्यांचं पाकीट जिथे होतं तिथेच राहू द्या. उचलून तिच्या हातात देऊ नका, "लाव गं" म्हणू नका. तिला वाटलं तर ती स्वतः लावेल, आज नाही तर महिन्याने. नाहीच वाटलं तर तेही तिचंच.

तिला स्वतःला काढायचं असेल तर

असं होतं आणि ते थांबवायचं नसतं. कुणाला मंगळसूत्र छातीला जड वाटतं, कुणाला हिरव्या बांगड्यांचा आवाज सोसत नाही. फक्त दोन गोष्टी बघा. ती हे गर्दीसमोर बोलली असेल तर थोडं थांबून, एकटीला विचारा: "तुला काढायचंय, की सगळे बघतायत म्हणून?" आणि काढायचंच ठरलं तर फोडून नव्हे, उतरवून काढा.

काचेची बांगडी दगडावर आपटून किंवा दोन मनगटं एकमेकांवर आपटून फोडली की काच आत शिरते. मनगटाच्या आतल्या बाजूला कातडी पातळ आणि शिरा वर असतात. मधुमेह असेल तर ती जखम लवकर भरत नाही, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर रक्त लवकर थांबत नाही. हॉस्पिटलमध्ये रात्र-रात्र बसून, रडून हात सुजलेले असतात, त्यामुळे रोज सहज निघणारी बांगडीही अडकते. हात पाच मिनिटं उंच धरायला सांगा, मग थंड पाण्यात बुडवा. साबणाचा भरपूर फेस किंवा खोबरेल तेल लावा. अंगठा तळहातात आत मिटवून पंजा निमुळता करा आणि बांगड्या एकेक करून सरकवा, गठ्ठ्याने नाही. हाडापाशी अडकली तर ओढायची नाही. हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून वरून तेल लावलं की बांगडी घसरते. जोडव्यांनाही थंड पाणी आणि तेल हाच उपाय.

उतरवलेलं सगळं एका स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा तिच्याच कपाटात. सोनं असेल तर मोजून, मुलीसमोर लिहून: मंगळसूत्र एक, दोन वाट्या, पाटल्या दोन. "मी सांभाळते" म्हणून कुणाकडेही द्यायचं नाही. ते तिचं स्त्रीधन आहे, नवरा गेल्याने त्याची मालकी बदलत नाही.

जिच्या वाट्याला हे आलेलं असतं, तिच्याशी बोलणं

सगळ्यांत कठीण विरोध पुरुषांकडून येत नाही. तो त्या वयस्कर विधवेकडून येतो आणि तिचं वाक्य बहुधा असं असतं: "आम्ही नाही सोसलं?" या वाक्याला मुद्द्याने उत्तर देऊ नका. हिच्या बांगड्या फोडल्या नाहीत आणि घरावर काहीही कोसळलं नाही, तर मग चाळीस वर्षांपूर्वी तिच्या का फोडल्या, हा प्रश्न तिच्यासमोर उघडा पडतो. एवढं आयुष्य पांढऱ्या कपाळाने, लग्नाकार्यात मागच्या रांगेत काढलेल्या माणसाला ते सहज पेलवत नाही.

तिच्याकडे एकट्याने जा, शक्य असेल तर तो दिवस येण्याच्या कितीतरी आधी. तिला तिच्याबद्दल विचारा: तुमच्या वेळी काय झालं होतं, कुणी केलं, तुम्ही किती वर्षांच्या होतात. मध्ये बोलू नका, पूर्ण ऐका. कितीतरी बायकांना हे आजवर कुणीच विचारलेलं नसतं. मग एवढंच म्हणा: "आत्या, तुमच्यावर हे व्हायला नको होतं. हिच्यावर होऊ नये म्हणून तुम्हीच पुढे बसा." अशी आत्या एकदा बाजूने उभी राहिली की भावकीत कुणाची हिंमत होत नाही, कारण बांगड्या फोडण्याचा "मान" तिचाच असतो आणि तिनेच तो नाकारलेला असतो.

"घराला लागेल", "मुलांवर येईल" ही भीती खरी असते, तिला हसू नका. मधला मार्ग म्हणून घराच्या देवासमोर दिवा लावून, मोठ्यांच्या तोंडून "जे काही असेल ते माझ्यावर" असं म्हणवून घेणारी घरं आहेत. यात कुणाचंच नुकसान नाही. भीतीला जागा मिळते आणि बाईच्या अंगाला कुणी हात लावत नाही.

तेरा दिवसांतली कागदपत्रं

"बाईने बाहेर पडायचं नाही" ही रीत कुठे तेरा दिवस, कुठे सव्वा महिना, कुठे वर्षश्राद्धापर्यंत. कुंकवाइतकी ती डोळ्यांवर येत नाही, पण पैशाचं नुकसान हीच करते. घरात बसवलेल्या बाईच्या नावाने दुसरेच सह्या गोळा करतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दाखल्याच्या प्रती आठ-दहा घ्या, बँक, विमा, पीएफ, सोसायटी, गॅस सगळे एकेक मागतात. नवऱ्याच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २ लाखांचा. त्याचा दावा ३० दिवसांच्या आत बँकेत दिलेला बरा. २० रुपये कापलेले असतील तर तो अपघाती विमा, मृत्यू अपघाताने झाला असेल तर तोही बघा. या अर्जांवर नॉमिनी किंवा वारस म्हणून बहुधा तिचीच सही लागते, म्हणून तिला बँकेत जाता आलं पाहिजे. कुणी अडवलं तर "सहीसाठी जावंच लागतं" हे कारण मोठ्यांनाही पटतं.

आणि एक गोष्ट कधीच नाही: तेरा दिवसांत हक्कसोडपत्र नाही, कोऱ्या कागदावर सही नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. तिने पुढे पुन्हा लग्न केलं तरी मिळालेला वाटा जात नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून दिराचं नाव असलं तरी नॉमिनी हा सांभाळणारा असतो, मालक वारस असतात.

शोकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी, वरण-भात येतो आणि ती शेवटी जेवते किंवा जेवतच नाही. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची जबाबदारी सोबतीला बसणाऱ्या बाईची. इन्सुलिन घेणाऱ्या बाईला उपाशी ठेवून कसलंही पुण्य लागत नाही.

हळदीकुंकू

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ठाण्या-नवी मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. विधवेला बोलवायचं असं ठरवूनही तीन चुका होतात. एक, निमंत्रणात "सर्व सुवासिनींनी" असं लिहिलेलं असतं आणि तिला वेगळा फोन करून "तुम्हीपण या हं" सांगितलं जातं. ती येत नाही, आणि बरोबर करते. "बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांनी" एवढंच लिहा. दोन, ती आल्यावर वाण देतात पण कुंकवाचं बोट तिच्या कपाळापाशी येऊन थबकतं. तो एक क्षण सगळ्या बघतात. तीन, याच्या उलट टोक: माइकवरून "आज आपण विधवा भगिनींचा सन्मान करणार आहोत" असं जाहीर करून तिला पुढे उभं करणं आणि फोटो ग्रुपवर टाकणं. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला आपली ओळख विधवा म्हणून करून दिलेली नको असते.

यावर साधी पद्धत आहे. कपाळाला कुणीच कुणाला लावायचं नाही. करंडा पुढे धरायचा, जिला हवं ती स्वतःचं बोट बुडवून लावेल, जिला नको ती हसून तिळगूळ घेईल. हे सगळ्यांसाठी एकसारखं, पहिल्या बाईपासून. करंडा धरायचं काम एखाद्या वर्षी तिच्याकडे द्या, न सांगता, सहज. गजरा आणि वाण सगळ्यांना सारखं.

लग्नकार्यात गाठ पत्रिकेपासून पडते. नावांपुढे "सौ." आणि "गं. भा." छापलं की कोण कुठे उभं राहणार हे तिथेच ठरून जातं. सगळ्यांचीच नुसती नावं छापा. फक्त तिचं "गं. भा." काढून बाकीच्यांचं "सौ." ठेवलं तर रिकामी जागा जास्तच दिसते. गुरुजींना ठरवतानाच विचारा: मुलीची आई एकटी पाटावर बसून कन्यादान करेल, तुम्ही सांगाल का? नाही म्हणाले तर त्यांच्याशी हुज्जत न घालता दुसरे गुरुजी बघा, ठाण्यात तयार होणारे मिळतात. हे मांडवात विचारायचं नसतं. हळदीच्या दिवशी पहिली हळद आईने लावायची की नाही हेही आदल्या आठवड्यातच मुलीने स्वतः सगळ्यांना सांगून टाकावं. नवरीचा शब्द त्या दोन दिवसांत कुणी खाली पडू देत नाही.

सोसायटी आणि ग्रामसभा

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर १७ मे २०२२ ला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. परिपत्रकात शिक्षा नाही, पण मोठ्यांसमोर ठेवायला सरकारी कागद आहे, आणि "गावाने ठरवलंय" या वाक्याला वजन असतं.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांत ग्रामसभा नाही. जिल्ह्यातल्या शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या तालुक्यांत आहे, आणि शहरातल्या कितीतरी घरांचं मूळ गाव तिथेच किंवा घाटावर, कोकणात असतं. गावच्या मतदार यादीत नाव असेल तर ग्रामसभेत विषय मांडता येतो. आधी महिला ग्रामसभेत घ्या, तिथे मंजूर झालेला विषय मुख्य सभेत टाळणं अवघड जातं. ठरावाच्या बाजूने बोलायला किमान एक वयस्कर विधवा आणि एक मान असलेला पुरुष आधी तयार ठेवा.

गावकी किंवा जात पंचायत "वाळीत टाकू" म्हणत असेल तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. धमकी कुणी, कधी, कुणासमोर दिली हे त्याच दिवशी लिहून ठेवा, ग्रुपवरचे मेसेज जपून ठेवा.

गृहनिर्माण सोसायटीने लोकांच्या घरातल्या विधींबद्दल ठराव करू नये, तो तिचा अधिकार नाही आणि असा ठराव भांडणात जिरतो. सोसायटीचे स्वतःचे कार्यक्रम मात्र तिच्या हातात आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना १४ दिवस आधी निघते, त्याआधी सचिवांना लेखी विषय द्या. "आयत्या वेळच्या विषयांत" टाकला तर रात्री साडेदहाला पार्किंगच्या भांडणानंतर तो कुणी ऐकत नाही. मजकूर असा चालतो:

"संस्थेच्या आवारात होणारे हळदीकुंकू, गणेशोत्सवातील आरती, नवरात्रातील ओटी व बक्षीस समारंभ यांत कोणत्याही स्त्रीला तिच्या वैवाहिक स्थितीवरून वगळले जाणार नाही किंवा वेगळी वागणूक दिली जाणार नाही. निमंत्रणात 'सुवासिनी' व 'सौभाग्यवती' हे शब्द वापरले जाणार नाहीत."

ओटी भरायचा मुद्दा काही जणी हमखास अडवतात. तो वेगळा काढून पुढच्या वर्षावर टाकायला तयार राहा, पण आरतीचं ताट सोडू नका.

जाणाऱ्याने लिहून ठेवायचं

वरच्या सगळ्यापेक्षा भारी पडतो तो गेलेल्या माणसाचा स्वतःचा शब्द. "त्यांनीच सांगून ठेवलंय" याला भावकीत उत्तर नसतं. साठी ओलांडलेल्या, किंवा मोठ्या ऑपरेशनला जाणाऱ्या नवऱ्याने साध्या कागदावर आपल्या अक्षरात लिहावं:

"मी गेल्यावर माझ्या पत्नीचे कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत, मंगळसूत्र व जोडवी तिच्या इच्छेशिवाय काढू नयेत. तिने पुढे कसे राहावे हे तीच ठरवेल. माझ्या तेराव्यापर्यंत व नंतरही तिला कोणत्याही कार्यातून वगळू नये. ही माझी इच्छा आहे."

खाली तारीख, सही आणि दोन साक्षीदार: एक आपला भाऊ किंवा चुलतभाऊ, एक बायकोच्या माहेरचा. स्टॅम्प पेपरची गरज नाही, हे मृत्युपत्र नव्हे. हे कोर्टात नेण्यासाठी नसतं, पार्किंगमध्ये वाचून दाखवण्यासाठी असतं. म्हणून अक्षर मोठं आणि मजकूर एका पानाच्या आत. बायकोला हे लिहिताना शेजारी बसवा, "तीच ठरवेल" हे वाक्य तिच्यासमोर लिहिलं गेलं पाहिजे.

मूळ कागद रेशनकार्ड आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये वर ठेवा, बँकेच्या लॉकरमध्ये नको, त्या दिवशी लॉकर कुणी उघडत नाही. एक फोटो मुलाच्या फोनमध्ये, एक नणंदेच्या. आणि येत्या गणपतीला भावकी जमेल तेव्हा, जेवणं झाल्यावर, त्या माणसाने स्वतः तो एकदा सगळ्यांसमोर वाचावा.